पाण्यात कोणी उतरायचं

६ एप्रिल, रविवार

देव पहाटे गेला तो अंधार पडल्यावर आला. रास लफानच्या गॅस प्लांटवरून येताना कंपनीची बस बंद पडली म्हणे. तासभर सगळे रस्त्याच्या कडेला उभे. पाणी नेऊन दिलं तर एक घोट घेतला आणि सोफ्यावर आडवा. बूट मी काढले.

मीही दमलेय. कशानं ते सांगता येत नाही. भांडी मशीन घासतं, कपडे मशीन धुतं आणि वाळवतंसुद्धा, फरशी ती आपोआप फिरणारी गोल चकती पुसते. तरी संध्याकाळी पाठ मोडलेली. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, ‘तुला काय गं काम असतं तिथं?’ — खरंच की!

नुपूरला शाळेतून प्रोजेक्ट मिळालंय. अमेरिकन शाळा, अमेरिकन इतिहास. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या साध्या माणसांचं रोजचं जगणं कसं बदललं. त्या काळात जगलेल्या एका तरी माणसाची मुलाखत घ्यायची. इथं आखातात, अल दुहैलमध्ये, असा माणूस कुठून आणायचा? म्हटलं, मी मदत करते. नाशकात चार वर्षं ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवलाय मी — तासिका तत्त्वावर का होईना. फोनमधून मान वर न काढता म्हणाली, ‘आई, दॅट वॉज इंडियन हिस्टरी.’

संपला विषय.

८ एप्रिल, मंगळवार

माणूस सापडला! आणि तोही आमच्याच कंपाउंडमध्ये, कंपनीच्या या कुंपणाआडच्या वसाहतीत. समोरच्या व्हिलातला ग्रेग — देवच्याच प्लांटवर आहे — त्याची आई. गेल्या हिवाळ्यात तिला इकडे घेऊन आला. नव्वदीला टेकलीय. मी तिला फक्त व्हीलचेअरवर, झाडाखाली बसलेली पाहिलं होतं. आज जाऊन विचारलं. म्हणाली, ‘मला कुणी काही विचारलं त्याला किती वर्षं झाली! शुक्रवारी या.’

तिचं नाव लोइस. नुसतं नावानंच हाक मार म्हणते. एवढ्या म्हाताऱ्या बाईला? तिच्यासमोर मारीन. इथं लोइसबाई लिहिणार.

११ एप्रिल, शुक्रवार

दोघी गेलो. नुपूरनं फोन रेकॉर्डिंगला लावून टेबलावर ठेवला. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर.

लोइसबाईंचं लग्न एकोणिसाव्या वर्षी. नवरा युद्धावरून परतलेला, दहा वर्षांनी मोठा. सरकारनं सैनिकांना स्वस्तात कर्ज दिलं, त्यातून शहराबाहेर घर. मैलभर सगळी घरं एका साच्यातली. एकदा बाजाराच्या पिशव्या घेऊन ही सरळ शेजारणीच्या स्वयंपाकघरात शिरली आणि फ्रिज उघडून दूध ठेवलं. शेजारीण दारात उभी राहून बघतेय! नुपूर खळखळून हसली — ‘आई, धिस इज लिटरली अवर कंपाउंड.’ आमचेही सगळे व्हिला एकसारखे. पहिल्या आठवड्यात देव चुकीच्या दाराशी किल्ली फिरवत बसला होता.

वॉशिंग मशीन आलं त्या दिवशी नवरा म्हणाला, ‘आता तुला काय काम राहिलं?’ लोइसबाई म्हणाल्या, ‘आधी चादरी आठवड्यातून एकदा धुवायची. मशीन आल्यावर रोज धुवायला लागले. काम कमी झालंच नाही. फक्त दिसेनासं झालं.’

नुपूरनं ते लिहून घेतलं. मी इथं लिहून ठेवतेय.

पोरगी दुसऱ्या कुणाचं इतकं मन लावून ऐकते हे मला माहीतच नव्हतं.

१५ एप्रिल, मंगळवार

लोइसबाईंना सांभाळायला नफिसा आहे. रत्नागिरीकडची, हर्णैची. मला वाटायचं केरळची असेल — कधी बोललोच नव्हतो. आज लोइसबाईंच्या स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले तर ही ओट्याशी पुटपुटतेय, ‘हा डबा कुठं ठेवलान या बाईनं!’ मी एकदम वळले.

‘तुम्ही मराठी?’

‘मंग काय! तुमी पण? आणि इतके दिवस मी तुमाला गुड मॉर्निंग करतंय!’

दोघी हसत सुटलो. मग अर्धा तास ओट्याशी उभ्या. चहा तिनं केला. मुंबईत एका नर्सिंग होममध्ये आया होती, तिथंच शिकली सगळं. नवरा इब्राहीम सूक वाकिफच्या बाजारात, मसाल्यांच्या दुकानात. तो सात पुरुषांबरोबर एका खोलीत राहतो, ही इथं मोलकरणीच्या खोलीत. भेट शुक्रवारी. ‘लग्न झालेली माणसं आमी, आणि बागेत बसून बोलतो कॉलेजच्या पोरांसारखी.’ मला ‘ताई’ म्हणाली.

डॉक्टरांनी लोइसबाईंना पाण्यात चालायला सांगितलंय. जमिनीवर गुडघे वजन घेत नाहीत. पण कुणीतरी धरून उतरायला हवं. नफिसा म्हणाली, ‘मी धरीन. बंदरावर वाढलेली पोर मी, मना पाण्याचा काय भ्या!’

२१ एप्रिल, सोमवार

आज सकाळी बघितलं. आमच्या कंपाउंडच्या स्विमिंग पुलाला उथळ बाजूनं पायऱ्या आहेत. नफिसा आधी उतरली — अंगभर काळा पोहण्याचा पोशाख, डोकं बांधलेलं — आणि मग एकेक पायरी करत लोइसबाई. कमरेएवढ्या पाण्यात गेल्यावर त्या सरळ उभ्या राहिल्या. सरळ! मी त्यांना उभं प्रथमच पाहिलं. उंच आहेत चांगल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या, दोघी हातात हात धरून, लहान मुलींसारख्या.

जिन्यावरून किती वेळ बघत होते कोण जाणे. आमटी करपली.

२४ एप्रिल, गुरुवार

बबीतानं ग्रुपवर फोटो टाकलाय. आमच्या रेसिडेंट्स कमिटीच्या अध्यक्षांची — विजयसरांची, देवच्या साहेबांची — बायको. पुण्याची. फोटोत नफिसा पुलात, पाठमोरी. खाली लिहिलंय : मोलकरणींनी पूल वापरायला कधीपासून सुरुवात केली? आमची मुलं याच पाण्यात उतरतात.

त्याखाली भराभर अंगठे. मग कुणी हायजीन, कुणी इन्शुरन्स. कुणी — ‘आज एक उतरली, उद्या सगळ्या उतरतील.’ कुणी विचारलं, पाणी बदलणार का?

पाणी!

मी काहीच लिहिलं नाही. कमिटीची सेक्रेटरी मी आहे. दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून झालेली.

२५ एप्रिल, शुक्रवार

विजयसरांचा फोन. गोड आवाज. ‘वहिनी, छोटीशी नोटीस काढायचीय. तुमचं इंग्लिश चांगलं आहे.’ मी म्हटलं, त्या म्हाताऱ्या बाईंना डॉक्टरांनी सांगितलंय. ते म्हणाले, ‘त्यांनी उतरावं की! रेसिडेंट आहेत त्या. बाईनं बाहेर उभं राहावं.’

धरायचं कुणी?

देवला सांगितलं. त्याची आज सुट्टी, टीव्हीसमोर होता. आवाज कमी केला. ‘नीलांबरी, माझ्या नोकरीच्या कराराचं रिन्युअल विजयसरांच्या टेबलावर आहे. आपल्याला इथं राहायचंय. लिही आणि मोकळी हो.’ मी म्हटलं, तुला हे पटतं का? ‘पटण्याचा प्रश्न कुठं आहे यात!’ त्याच्या डोळ्यांखाली काळं झालंय. गेले दोन आठवडे नुसत्या रात्रपाळ्या. भांडायचं तरी कुणाशी!

लिहिली. घरकामगार, आया आणि इतर कर्मचाऱ्यांना स्विमिंग पूल व क्लबहाउस वापरण्यास मनाई आहे. खाली माझं नाव, हुद्दा. चहा निवायच्या आत झाली लिहून. स्पेलिंगही तपासलं.

वॉचमन रहमाननं फाटकाला चिकटवली. वाचून मला विचारलं, ‘मॅडम, क्लबहाउस का बाथरूम भी? हम लोग तो वहीं जाते हैं.’

मला माहीत नव्हतं. हे डोक्यातच आलं नव्हतं.

२७ एप्रिल, रविवार

नफिसा कचऱ्याच्या डब्यापाशी भेटली. मी म्हटलं, ‘नफिसा, ऐक ना —’

‘जी मॅडम. बोलिए.’

मॅडम. आणि हिंदीत.

मी मराठीत बोलत राहिले, ती हिंदीत उत्तरं देत राहिली. आवाज चढला नाही, चेहरा नीट, अदबीनं. ‘नहीं मॅडम, कोई बात नहीं. नियम है तो है.’ मग पिशवी टाकली, झाकण लावलं आणि गेली.

घरी येऊन भाजी निवडायला घेतली. निवडलेली आणि टाकायची एकातच टाकली.

२८ एप्रिल, सोमवार

लोइसबाई पुन्हा झाडाखाली. व्हीलचेअरवर.

३ मे, शनिवार

नुपूरला मुलाखतीचा दुसरा भाग हवा होता. मला जायचं नव्हतं. तिनं ओढून नेलं — ‘यू हॅव टू कम, शी लाइक्स यू.’ लाइक्स!

नफिसा तिथंच, लोइसबाईंच्या पायांना तेल लावत होती. माझ्याकडे बघितलं नाही.

नुपूरनं विचारलं, त्या गावात सगळेच गोरे होते का? लोइसबाई म्हणाल्या, ‘आमच्या भागात हो. करारातच लिहिलेलं असायचं, घर कुणाला विकायचं नाही ते. काळे सैनिकही त्याच युद्धावर गेले होते. पण ते कर्ज मिळवायला गेले की बँका त्यांना दारातूनच परत पाठवायच्या.’

मग अर्लीनची गोष्ट सांगितली. अर्लीन त्यांच्याकडे कामाला यायची. रेल्वे रुळापलीकडून, बसनं. काळी. एक उन्हाळा भयंकर होता. गावच्या स्विमिंग पुलावर लोइसबाई धाकटीला न्हाऊ घालत होत्या बाजूच्या खोलीत, आणि मोठी, सुझन, चार वर्षांची, खोल बाजूला घसरली. अर्लीन कुंपणाबाहेर उभी. तिला आत यायची परवानगी नव्हती. ती कुंपणावरून चढून आली आणि बुटांसकट उडी मारली. सुझनला बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावानं पूल रिकामा केला.

‘पोरगी वाचली म्हणून नाही,’ लोइसबाई म्हणाल्या, ‘अर्लीन पाण्यात उतरली होती म्हणून. माणसं आत उतरून ब्रशनं घासत होती. रस्त्यावर क्लोरिनचा वास.’

नफिसाचा हात थांबला. तिनं इंग्लिशमध्ये विचारलं, ‘ऑल वॉटर? दे थ्रो ऑल?’

‘सगळं.’

लोइसबाई नवऱ्याला म्हणाल्या, कौन्सिलात जाऊन बोल. आपली मुलगी आहे ती. नवरा म्हणाला, आपल्याला याच गल्लीत राहायचंय. तो वाईट माणूस नव्हता, म्हणाल्या. दमलेला होता. मग काही वर्षांनी कोर्टानं सांगितलं की पूल सगळ्यांना खुला करा. गावानं काय केलं? ट्रक आणले आणि पुलात माती भरली. वर हिरवळ लावली. आपल्याला नको, पण त्यांनाही नको. ‘छान बाग आहे आता. बाकं आहेत.’

नुपूरनं विचारलं, आणि अर्लीन?

‘दुसऱ्या दिवशी आली नेहमीच्या बसनं. इस्त्री केली. कॉफी मी केली. तिनं ती उभ्यानंच प्यायली.’

नुपूर माझ्याकडे बघत होती. नोटीस तिनं पाहिली असणार, रोज त्याच फाटकावरून शाळेची बस पकडते. मी खाली बघितलं.

घरी येताना नोटिसीपाशी थांबली. फोन काढला, फोटो घेतला. मी विचारलं नाही कशाला.

७ मे, बुधवार

डोकं दुखतंय. देवची परत रात्रपाळी. दिवसा झोपतो म्हणून मिक्सर लावायचा नाही, हळू चालायचं, हळू बोलायचं. कुणाशी बोलायचं म्हणा!

१३ मे, मंगळवार

उशीर झालाय. तरी लिहिते.

शाळेत मुलांची प्रेझेंटेशन्स होती, पालकांना बोलावलं होतं. देव झोपेत. मी एकटी गेले. कुणी टीव्हीवर केलं होतं, कुणी गाड्यांवर, एका मुलीनं डब्यातल्या तयार जेवणावर. मग नुपूर. काळी पँट, केस नीट बांधलेले. लोइसबाईंचा आवाज वाजवला — चादरींचं, चुकीच्या घरात शिरल्याचं. सगळे हसले. मग अर्लीन. कुणी हसलं नाही.

आणि मग पडद्यावर आमची नोटीस.

नाव काळ्या पट्टीनं झाकलं होतं. कंपाउंडचंही. म्हणाली — इंग्लिशमध्ये, पण मी जशी समजले तशी लिहिते — ‘मी विचार करत होते की हे किती जुनं आहे. मग मी हे पाहिलं. हे गेल्या महिन्यातलं आहे. मी रोज याच्यावरून जाते.’

मागच्या रांगेतल्या एका बाईनं विचारलं, हे खरं आहे का? कुणी काढली ही?

नुपूर गप्प. तिच्या शिक्षिकेनं ‘ते सांगायची गरज नाही’ वगैरे म्हटलं. पण पोरीचा चेहरा! कानापर्यंत लाल. माझ्याकडे बघायचं नाही म्हणून कुठं बघावं ते तिला कळेना. मला वाचवत होती ती. पंधरा वर्षांची पोर, सगळ्या वर्गासमोर, मला!

मी उभी राहिले. ‘मी काढली. मी तिची आई.’

बसले. पुढचं काही ऐकू आलं नाही. टाळ्या वाजल्या असाव्यात, त्या पुढच्या मुलासाठी.

गाडीत बसलो, निघालो. सिग्नलला नुपूर म्हणाली, ‘आई, तू का सांगितली? मी लपवली होती ना.’

मराठीत. चुकीचं, पण सगळं मराठीत.

मी म्हटलं, ‘तू लपवू नयेस म्हणून.’

तिनं मान खिडकीकडे वळवली. हिरवा दिवा लागला, मागच्यानं हॉर्न मारला.

१४ मे, बुधवार

देवला सांगितलं. पाळीवर जायच्या आधी. त्याच्या कानावर दुसरीकडून जायला नको. मला वाटलं ओरडेल. त्यानं डोळे चोळले. विचारलं, ‘पुरतं नाव सांगितलंस?’ मग, ‘शाळेत आपल्या कंपनीचं कोण कोण होतं?’ मग, ‘भात आहे का?’

वाढला. दह्याबरोबर जेवला. जाताना दारात थांबून म्हणाला, ‘नुपूर चांगलं बोलली का?’

म्हटलं, फार चांगलं.

‘मला उठवायचं होतंस,’ म्हणाला आणि बसकडे गेला.

१७ मे, शनिवार

कमिटीची मीटिंग. क्लबहाउसमध्ये. समोसे.

मी विषय मांडला : डॉक्टरांच्या सल्ल्यानं कुणाला मदतीला माणूस लागत असेल तर त्याला पाण्यात उतरू द्यावं. एवढंच. भाषण नाही. आणि वॉचमन लोकांचं बाथरूम पूर्ववत.

बबीता म्हणाली, ‘अगं, आपण का वाईट माणसं आहोत? माझी बाई माझ्या ताटातलं खाते. पण काही मर्यादा असतात.’ विजयसर म्हणाले, अपवाद केला की नियम राहत नाही. मी ग्रेगकडे पाहिलं. त्याची आई! तो समोसा मोडत होता. हळूच म्हणाला, ‘मला यात वाद नकोय. आईला मी तसंही परत पाठवतोय. सुझनच्या गावात वृद्धाश्रम आहे.’

हात वर करायला सांगितले. माझा एकटीचा. बाथरूमचं मात्र मान्य झालं — रहमान बाहेर झाडामागे जाताना कुणाच्या तरी मुलांना दिसला होता म्हणून.

मी सेक्रेटरीपद सोडलं. विजयसर म्हणाले, ‘वहिनी, एवढं मनाला लावून घेऊ नका.’ समोसे डब्यात भरून दिले. घेतले मी. नाही म्हणायचंसुद्धा त्राण नव्हतं.

१८ मे, रविवार

लोइसबाईंचं तिकीट शुक्रवारचं. नफिसाची नोकरी त्याच दिवशी संपणार. नवी मिळेपर्यंत काय, हे ग्रेगनं तिला सांगितलेलं नाही. मला रहमानकडून कळलं.

२० मे, मंगळवार

नुपूर शाळेत, देव घोरत होता. मी समोर गेले, बेल वाजवली. नफिसानं दार उघडलं. म्हटलं, ‘लोइसना समुद्रावर नेऊ या. माझी गाडी आहे. तू येशील तर.’

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. आत गेली आणि थोड्या वेळानं काळा पोशाख पिशवीत घालून आली.

उत्तरेकडे गेलो, सार्वजनिक किनारा. ऊन चढायच्या आत. फक्त दूरवर एक कुटुंब आणि मासे धरणारे दोघे. पाणी सपाट, बशीतल्यासारखं. व्हीलचेअर वाळूत रुतली. मग आम्ही दोघींनी लोइसबाईंना दोन बाजूंनी धरून नेलं, जवळजवळ उचलूनच. मला पोहता येत नाही. आयुष्यात गोदावरीत घोट्यापर्यंत उतरले असेन. पंजाबी ड्रेसवर तशीच आत गेले. ओढणी गाडीत टाकली.

नफिसा म्हणाली, ‘तुमी त्या बाजूचा हात धरा. घट्ट नको. नुसता हात पुढं ठेवा, त्या धरतील.’

मराठीत. मॅडम नाही, ताईही नाही. नुसतं तुमी.

कमरेएवढ्या पाण्यात लोइसबाई सरळ झाल्या. मग चाललो तिघी, किनाऱ्याला समांतर. मला पायाखाली काय आहे कळत नव्हतं, भीती वाटत होती, आणि एकदा तोल गेला तर नफिसानं पाण्याखालून माझा दंड पकडला. ‘पाय टेका. खाली वाळूच हाय.’

परतताना लोइसबाई गाडीत मागे झोपल्या, तोंड उघडं. नफिसा पुढं बसली होती. मी म्हटलं, ‘नफिसा, ती नोटीस मी लिहिली. मला नको म्हणता आलं असतं.’

‘हां,’ ती म्हणाली, ‘आलं असतं.’

बाकी काही नाही. बरं झालं. ‘असू दे’ म्हणाली असती तर मला सोसलं नसतं.

मग घराजवळ आल्यावर तिनं स्वतःहून विचारलं — एका हॉस्पिटलात आया पाहिजेत, अर्ज इंग्लिशमध्ये भरायचा आहे, भरून द्याल का? आमच्या डायनिंग टेबलावर बसून भरला. चहा मी केला. दोघी बसूनच प्यायलो.

२३ मे, शुक्रवार

लोइसबाई गेल्या. गाडीत बसताना नुपूरला म्हणाल्या, ‘बाळ, तुझ्या प्रोजेक्टला किती मार्क?’ नुपूर म्हणाली, अजून यायचेत. ‘मला कळव.’

ग्रेगनं माझ्याशी हात मिळवला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मला राग येईल वाटलं होतं. नाही आला. तोही दमलेला.

नफिसाची एक बॅग. इब्राहीम घ्यायला आला होता, टॅक्सी घेऊन. बारीक, दाढी पांढरी होत चाललेली. त्यानं मला सलाम केला आणि एक पुडी हातात ठेवली. ‘जिरा आहे. आमच्या दुकानातला. चांगला आहे.’ नफिसा नव्या नोकरीपर्यंत त्याच्या कुणा बहिणीकडे राहणार.

समोरचं दार बंद. संध्याकाळी झाडाखाली कुणी नाही. मी दिवाणखान्यात लाइट न लावता बसून राहिले. नुपूर आली, शेजारी बसली. फोन बाजूला ठेवला होता.

३० मे, शुक्रवार

देवचं रिन्युअल झालं. दोन वर्षं. विजयसरांनी काही मनात धरलं नाही, म्हणाला. मी शिरा केला. खाताना दोघांनाही विशेष आनंद झाला नाही. नोटीस अजून तिथंच आहे, उन्हानं पिवळी पडलीय.

१० जून, मंगळवार

कंपनीची मेल. कंपाउंडचं लीज ऑगस्टअखेर संपतंय, पुढं घेणार नाहीत. खर्चात कपात. सगळ्यांनी व्हिला रिकामे करायचे. बबीताचे सकाळपासून फोन — ‘अगं, मालक आता हे कुणाला देतोय माहितेय का? हॉस्पिटलच्या आयांना आणि वॉर्डबॉयना!’

नफिसाला फोन लावला — त्या अर्जावर ती हॉस्पिटलात लागलीय, गेल्या आठवड्यापासून. तिला कालच कळलं होतं. ‘व्हय, आमच्याच हॉस्पिटलानं घेतलानी. नवराबायकोला एकत्र खोली देणार म्हणतात. इब्राहीमला अजून खरं वाटत नाय.’ मग विचारलं, ‘आणि तुमी? तुमी कुठं जाणार?’

म्हटलं, अजून आम्हाला कळवलेलं नाही.